एक पॉइंट आठ

३ मार्च, सोमवार

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मुलगी झाली. आठ आठवडे आधी. वजन १,४६८ ग्रॅम. नवजात कक्षाबाहेरच्या फलकावर आले १.५ किलो. म्हणजे बत्तीस ग्रॅम फलकाने पदरचे घातले.

फलक माझाच आहे. या रुग्णालयाचा डेटाबेस पंधरा वर्षे मी सांभाळतो. कक्षातले प्रत्येक बाळ रोज सकाळी सहाला, दूध पाजण्याआधी, काट्यावर ठेवतात. आकडा ग्रॅममध्ये माझ्याकडे येतो, आणि माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, तो किलोत करून एका दशांशावर राउंड करते. हे मला मान्य नव्हते. आठ महिन्यांपूर्वी मोठ्या सिस्टर दुसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कॉम्प्युटरवाले, तुमचे ग्रॅम काढा फलकावरून. दहा ग्रॅम उतरले की आया रडतात, आणि आया रडल्या की दूध आटतं."

मी म्हणालो, आकडा आहे तो आहे. त्या म्हणाल्या, आकडा आमच्याकडे असू दे, आयांकडे धीर असू दे. मी वाद घातला. सिस्टरांशी वाद घालून आजवर कोणाचे भले झालेले नाही. शेवटी हात टेकले आणि राउंड लावला.

आज बायकोला चाकाच्या खुर्चीतून फलकापाशी आणले. ती म्हणाली, "दीड किलो. तसं बरं आहे, नाही?" मी म्हणालो, हो.

७ मार्च, शुक्रवार

१,३९२. शहात्तर ग्रॅम उतरले. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचेच उतरते, असे बालरोगतज्ज्ञ म्हणाले. फलकावर १.४. बायको आयांच्या खोलीत राहते, कक्षाला लागूनच. तिला फलकापलीकडे काही कळायचा मार्ग नाही, हे एक बरे आहे. खरा आकडा मी माझ्या टेबलावर उघडून पाहतो आणि बंद करतो. दिवसातून नऊ वेळा. तो सहानंतर बदलत नाही, हे मला माहीत आहे.

सिस्टर म्हणाल्या, "शर्टाची बटणं सोडा आणि बसा त्या खुर्चीत. बाळ छातीशी धरायचं, कातडीला कातडी. आई दिवसातून चार तास बसते, बापाने एक तास बसावं." मी म्हणालो, सर्व्हरचे काम आहे. होतेही. दुपारी तीनला होते.

१२ मार्च, बुधवार

१,४४६. फलक १.४. वर चढली, पण फलकाला पत्ता नाही. पाच दिवस तोच आकडा बघून बायको खचेल असे वाटले, म्हणून मुद्दाम हसत गेलो. तीच म्हणाली, "परवा जरा उतरली होती, आज भरून काढलं तिने."

खरेच परवा बारा ग्रॅम उतरले होते. मी चाट पडलो. आईला आतून कळते म्हणतात, त्यातलाच प्रकार असणार.

मुलीला सगळे पिटुकली म्हणू लागले आहेत. डेटाबेसमध्ये ती अजून 'बाळ, मुलगी, पलंग ६' आहे.

१७ मार्च, सोमवार

१,५४८. फलकावर १.५. दोन ग्रॅमने १.६ हुकले. फलकाशी माझे पटेनासे झाले आहे.

बायको एका छोट्या वहीत काही लिहीत होती. मी गेलो तशी तिने वही मिटली. विचारले तर म्हणाली, विणकामाचे टाके मांडते आहे. तिला विणकाम येत नाही. शिकत असेल. वेळ जायला काहीतरी हवेच.

सिस्टरांनी पुन्हा खुर्ची दाखवली. मी म्हणालो, मला शिंक आल्यासारखी वाटते आहे. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिले की शिंक खरोखर आली असती तर बरे झाले असते. पिटुकलीचा हात माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा आहे. मी किबोर्डसुद्धा जोरात बडवणारा माणूस.

२४ मार्च, सोमवार

१,६४८. फलक १.६. नाकातली दुधाची नळी काढली. आता स्वतः पिते. आनंद झाला. जिन्यात कोणी नव्हते, तेव्हा तिथे थोडा वेळ थांबलो.

बायकोने विचारले, "घरी कधी?" मी म्हणालो, एक पॉइंट आठ झाले की. कक्षाचा नियमच आहे तो. श्वास नीट, पिणे नीट आणि वजन अठराशे ग्रॅम. त्याखाली अंगावर चरबी नसते, बाळ गार पडते. रोज सकाळी साडेसहाला 'घरी जाण्याजोगी बाळे' अशी यादी डॉक्टरांच्या टेबलावर छापून येते. ती यादीही मीच बनवली आहे. बायको म्हणाली, "मग काळजी नाही."

सासूबाई आल्या आहेत. घरी पाळण्याला दोरी कुठली हवी यावर त्यांचा आणि माझा मतभेद झाला. दोरी त्यांची आली.

२९ मार्च, शनिवार

आज सगळे नीट लिहायचे आहे.

सकाळी सात वाजता, मी दुसऱ्या मजल्यावर टेबलाशी येऊन बसतो तोच, बायकोचा फोन. "यादीत नाव आलं! डॉक्टर म्हणाले, सोमवारी सकाळी न्या. आईला सांग पाणी तापवायची सोय बघायला." आवाज असा की ती धावत बोलते आहे असे वाटले. मी आनंदाने हो हो म्हणालो, फोन ठेवला आणि रोजच्यासारखा खरा आकडा उघडला. १,७५२.

मला वाटले आजचा आकडा डेटाबेसमध्ये चढवायचा राहिला असेल. तसे नव्हते. सहाचा, आजचाच. अठराशेला अठ्ठेचाळीस कमी. मग यादीत कशी?

यादीची क्वेरी उघडली. चार ओळींची आहे. चौथ्या ओळीत लिहिले आहे, वजन एक पॉइंट आठ किंवा जास्त. पण वजन कुठले? काट्यावरचे नव्हे. फलकासाठी मी जे राउंड केलेले तक्ते तयार ठेवले होते, त्यातले. तिथे १,७५० लाच १.८ होतात.

आठवले. फलकाचे काम झाल्यावर तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी ही यादी मागितली होती. समोर तयार तक्ता होता, त्यावरच घेतली. चहा निवायच्या आत काम केले, असे डॉक्टर कौतुकाने म्हणाले होते, आणि मी ते कौतुक दोन दिवस घरी सांगत होतो.

दाखवताना राउंड करावे, ठरवताना करू नये. हे मी नव्या मुलांना शिकवतो. फळ्यावर लिहून.

मग दुसरी क्वेरी लिहिली. आठ महिन्यांत १,७५० ते १,७९९ ग्रॅमवर घरी गेलेली बाळे किती. अकरा. उत्तर यायला अर्धा सेकंदही लागला नाही.

मला आधी सुचले ते लिहून ठेवतो, कारण इथे खोटे लिहायचे तर वही कशाला. सुचले असे की, अकराही गेली, मग बारावी गेली तर काय होते? सोमवारी पिटुकली घरी येईल, आणि मंगळवारी मी चौथी ओळ गुपचूप दुरुस्त करीन. हा विचार माझ्या डोक्यात साधारण चार मिनिटे होता. मग मी जिना उतरून बायकोकडे गेलो.

ती पिशवी भरत होती. म्हणालो, "ते एक पॉइंट आठ खरं नाही."

ती म्हणाली, "एक हजार सातशे बावन्न. माहीत आहे."

तिने वही काढून दिली. तीन मार्चपासून रोजचा आकडा, ग्रॅममध्ये, तारखेसकट. सहाला वजन करताना ती सिस्टरांशेजारीच उभी असते. विणकामाचा टाका एकही नाही.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू रोज फलकावरचं सांगून हसायचास. म्हटलं, याला तेवढाच धीर आहे, तो कशाला मोडा."

"आणि अठराशे झाले नाहीत हे माहीत असून पिशवी भरतेस?"

ती थांबली. म्हणाली, "वाटलं नियम बदलला असेल. यादी तुझी होती ना. तू केलेली, म्हणून मी विचारलं नाही."

मी खाली बसलो. तिनेच पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढले आणि घडी मोडू न देता परत कपाटात ठेवले. रडली नाही. टोपी तेवढी हातात घेऊन बसली होती.

अकरा वाजता डॉक्टरांना सांगितले. ते चष्मा काढून म्हणाले, "मी आकडा बघितला होता हो. फलकावर एक पॉइंट आठ, यादीतही एक पॉइंट आठ. दोन्हीकडे तेच, म्हणून निर्धास्त होतो."

म्हणालो, "दोन्हीकडे मीच होतो."

ते ओरडले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी फक्त सांगितले, चौथी ओळ आत्ता, माझ्यासमोर. केली. कागद पुन्हा छापला. त्यावर एकही नाव नव्हते.

३० मार्च, रविवार

१,७६४. सासूबाईंना सांगितले की सोमवारी नाही. त्यांनी विचारले, का. मी राउंड म्हणजे काय ते चमचा आणि वाटी घेऊन समजावले. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे अर्ध्याच्या वर गेलं की तुम्ही पूर्ण धरता. आणि पोर मात्र अर्धंच असतं." मी चमचा आणि वाटी जागेवर ठेवून आलो.

३१ मार्च, सोमवार

१,७७९. आजचा दिवस फोनवर गेला. अकरा घरे. डॉक्टर म्हणाले सिस्टर करतील. सिस्टर म्हणाल्या, चूक ज्याची फोन त्याचा, मी शेजारी बसते.

दहा जण फोनवर मिळाले, अकराव्यांचा नंबर बदलला होता, तो दुपारी बाळाच्या मावशीकडून मिळाला. सगळी बाळे सुखरूप. जीव भांड्यात पडला. एका आईने, आत्ताच निजवले होते, तुमच्या फोनने उठले, असे म्हणून खरमरीत ऐकवले, ते मी उभे राहून ऐकून घेतले. सर्वांना बुधवारी तपासणीला बोलावले आहे.

त्या अकरांमधल्या एकीची नोंद मी फोन करण्याआधीच वाचली होती. १,७५४ ग्रॅमवर घरी गेली. चौथ्या दिवशी अंग गार पडले म्हणून परत आणली. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. दाखल करतानाचे कारण असे लिहिले आहे: 'घरी ऊब अपुरी'.

१ एप्रिल, मंगळवार

१,७९८.

दोन ग्रॅम. यादी कोरी. डॉक्टर स्वतः पलंग सहापाशी आले. म्हणाले, "काट्याचीच चूक पाच ग्रॅमची असते. पिते छान, अंग गरम आहे. माझी हरकत नाही. तुम्ही काय म्हणता?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पंधरा वर्षांत मला कोणी, आकडा काय असावा, असे विचारले नव्हते. आकडा काय आहे, एवढेच विचारतात. मला 'न्या' म्हणायचे होते. मनापासून म्हणायचे होते. ते दोन ग्रॅम म्हणजे टोपीच्या लोकरीचा एक धागा.

मी म्हणालो, "उद्या." कोणाला ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

बायकोने मान हलवली. सासूबाईंनी घरी गेल्यावर माझ्याशी बोलणे सोडले आहे. जेवायला वाढले, पण ताट जरा जोरात ठेवले.

२ एप्रिल, बुधवार

१,७९१. उतरली. बायको काट्यापाशीच उभी होती. मी या वेळी सहाला हजर होतो. दोघांनी एकदमच आकडा वाचला. सिस्टर म्हणाल्या, "शी केली असेल मोठी." हे वैद्यकीय मत आहे.

दहापासून अकरा बाळे यायला लागली. पाच महिन्यांची, सात महिन्यांची, एक तर रांगत काट्याखाली गेले. मांड्यांना वळ्या, गालांना गाल. काटा दहा किलोपर्यंतचा आहे, तो आज पहिल्यांदा दमला. मी दारात उभा राहून प्रत्येक घराला तेच सांगत होतो: तुमचे बाळ ठरल्यापेक्षा हलके असताना घरी पाठवले गेले, चूक माझी. बहुतेकांनी 'असं होय' म्हटले आणि बाळाने अलीकडे काय उद्योग केले ते सांगितले.

१,७५४ ग्रॅमवर घरी गेलेल्या त्या मुलीची आई सगळ्यांत शेवटी आली, एकटी. सात महिन्यांची मुलगी काखेला. तिला सांगितले. ती ऐकत होती. मग तिने विचारले, "म्हणजे मला नीट गुंडाळता आलं नाही, असं नव्हतं?"

"नव्हतं."

"परत एकदा सांगा."

सांगितले. सतराशे चोपन्नचे बाळ कितीही गुंडाळले तरी गार पडू शकते. म्हणून तर अठराशेचा नियम. आमच्याकडून पाठवायलाच नको होते.

ती बाकावर बसली. म्हणाली, सहा महिने झाले, तिच्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, हिने पोर गारठवून मारलंच होतं. बाळ त्या हिच्या एकटीकडे सोडत नाहीत. आज त्या पाय मुरगळल्यामुळे घरी आहेत, म्हणून ही एकटी आली. मग तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्ही सांगा त्यांना."

मी सांगितले. पलीकडून आवाज आला, "म्हणजे कॉम्प्युटरची चूक?"

"नाही, माझी."

"तुम्ही कोण?"

"मी कॉम्प्युटरचं काम बघतो."

"मग तेच की."

म्हणालो, नाही, कॉम्प्युटरने मी सांगितले तेच केले. तुमच्या सुनेनेही आम्ही सांगितले तेच केले. तिने घरी सगळे बरोबर केले होते. आमच्या कागदावर 'घरी ऊब अपुरी' लिहिले आहे, तेही चूक आहे, ते आज खोडून दुरुस्त होईल, डॉक्टरांच्या सहीने. मग पलीकडून आवाज आला, "तिला द्या."

ती फोन कानाला लावून उभी राहिली. दोनदा 'हं' म्हणाली. फोन ठेवला.

मला विचारायला नको होते, पण विचारले. "काय म्हणाल्या?"

"जेवलीस का, विचारलं," ती म्हणाली, आणि मुलीच्या टोपीत तोंड घालून रडायला लागली. मुलीने तिचे केस ओढले.

मी पाणी आणायला म्हणून निघालो, ते सिस्टरांनी अडवले. पाणी दुसऱ्या कोणीतरी नेले. सिस्टर म्हणाल्या, "आता कुठे जाता? सर्व्हर?" मी म्हणालो, नाही, सर्व्हर ठीक आहे. त्या म्हणाल्या, "मग बटणं सोडा."

बसलो. त्यांनी पिटुकलीला माझ्या छातीवर ठेवले आणि वरून चादर बांधली. मी श्वास घेणे बंद केले. सिस्टर म्हणाल्या, घ्या, तिला आवाज लागतो. घेतला. तीस दिवसांत मी तिला पहिल्यांदा हात लावला, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. बायकोच्या ते पहिल्या दिवसापासून लक्षात होते, असे तिच्या तोंडावरून दिसले. तिने विचारले, "वजन किती वाटतं?" मला खरेच सांगता येईना. फार गरम होती. एक तास म्हणून बसलो होतो, उठलो तेव्हा अडीच तास झाले होते, आणि दुसऱ्या मजल्यावरून मला कोणी शोधलेही नव्हते.

३ एप्रिल, गुरुवार

१,८०९. काट्यावर. यादीतही १,८०९. फलकावर १.८. तिन्ही ठिकाणी मी स्वतः जाऊन पाहिले. डॉक्टरांनी सही केली. सिस्टरांनी कपडे चढवले, तीन थर, आणि मला एकेक थर बोलून दाखवायला लावला.

अकराला निघालो. बायकोकडे बाळ, माझ्याकडे दोन पिशव्या, सासूबाई पुढे. त्या कालपासून बोलू लागल्या आहेत. आमच्या घराच्या जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांनी टोपी बोटाने जरा मागे केली आणि म्हणाल्या, "अगं बाई! एवढीशीच? वजन तरी किती?"

"दोन किलो," मी म्हणालो.

बायकोने चमकून माझ्याकडे पाहिले. पूर्ण किलोत राउंड केले तर चूक नाही, पण तो मुद्दा मी मांडला नाही. आजी समाधानाने 'मग ठीक' म्हणाल्या. आम्ही वर आलो. दारापाशी वारा होता.

"आवर लवकर," बायको म्हणाली, "गार लागेल तिला."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि शर्टाची बटणे सोडायला लागलो. तिने आधी कुलूप उघडायला सांगितले.